बर्फालाही वाफसा येतो

प्रश्न: मी परभणीचा. गिर्यारोहण आणि स्कीइंग, दोन्हींचे कोर्स मनालीत झालेत. एप्रिलअखेर आम्ही चौघं तिकडे स्कीवर चढून उतरणार आहोत. एक मित्र म्हणतो, दुपारी बर्फ मऊ होतो, तेव्हाच उतरू. माथा समोर दिसत असताना माघारी फिरायचं ते कशावरून ठरवायचं?

उत्तर: मित्राचं अर्धंच खरं आहे. पावसानंतर काळ्या रानाला वाफसा येतो ना, तसाच या दिवसांत बर्फालाही येतो. निरभ्र रात्री वरचा थर गोठून टणक होतो. सकाळच्या उन्हाने त्याचे वरचे दोन-तीन सेंटिमीटर दाणेदार, मोकळे होतात. उतरायचं ते तेव्हाच. त्यानंतर पाणी खाली मुरतं, दाण्यांची पकड सुटते आणि ओला हिमलोट येतो. दुपारी वाफसा गेलेला असतो, उरतो चिखल.

पूर्वेचा उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. पूर्वेकडून जाणार असाल तर दहाच्या आत उतरून पायथा गाठा. म्हणजे निघायचं पहाटे तीन-चारला, बॅटरीच्या उजेडात.

निघण्याआधी रात्रीचं आभाळ आठवा. ढग गोधडीसारखे उष्णता धरून ठेवतात, बर्फ नीट गोठत नाही. बूट जोरात आपटा. पापुद्रा फुटून खाली ओला लगदा लागला तर त्या दिवशी जाऊच नका. ताजा बर्फ पडून पहिलंच कडक ऊन आलं असेल तरीही नको.

वाटेत दर अर्ध्या तासाने एक स्की काढून त्या पायावर सगळा भार द्या. पाय घोट्यापर्यंत रुतला, तिथून मागे. माथा शंभर मीटरवर असला तरी. नडगीपर्यंत रुतायची वाट पाहू नका. बर्फाचे गोळे घरंगळत चाकासारखे मोठे होऊ लागले, तरी तेच. आपला उतार टणक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डोक्यावरच्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ऊन कधीपासून आहे, ते पाहा.

प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. गाडल्या गेलेल्या माणसाची आशा दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणून धोक्याच्या पट्ट्यात एकेकानेच जा, बाकीच्यांनी नजर ठेवा.

आणि सचखंड एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. हाती शेवटचाच दिवस उरला की बूट घोट्यापर्यंत रुतत असतानाही माणसं वर जात राहतात.