धावपट्टी आजची, जमीन पुढची

प्रश्न : एटीआर-७२ या सत्तरेक आसनांच्या पंख्याच्या विमानाला तेराशे मीटर धावपट्टी पुरते म्हणतात. मग सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ करायचा तर एवढी जमीन कशाला? – एक वाचक, तासगाव

उत्तर : १,३१५ मीटर हा आकडा खरा, पण तो समुद्रसपाटीचा, १५ अंश तापमानाचा आणि पूर्ण वजनाच्या उड्डाणाचा. आपल्याकडची हवा विरळ आणि तापलेली. आंतरराष्ट्रीय ठोकताळ्यानुसार दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवायची. उंची ५५० मीटर धरली की १,४८५ मीटर झाले. त्या उंचीला हिशेबात धरायचं प्रमाण तापमान साडेअकरा अंश. उन्हाळ्यातलं सरासरी कमाल ३८ धरलं, तर वरच्या प्रत्येक अंशाला १ टक्का, म्हणजे सुमारे १,८८० मीटर. उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांवर गेली की ठोकताळ्यावर भागत नाही, स्वतंत्र अभ्यास लागतो. इथे ती ४३ टक्के होते. लांबी कमी पडली तर विमान उडेल, पण प्रवासी किंवा इंधन कमी घेऊन. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून विमानसेवा फार दिवस टिकत नाही.

शिवाय दोन्ही टोकांना ६० मीटर मोकळा पट्टा, त्यापुढे शक्यतो २४० मीटर सुरक्षा क्षेत्र. झाली अडीच किलोमीटरची सरळ रेघ. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर मोकळे धरले, तर टोकांची सुरक्षा क्षेत्रं सोडून नुसता पट्टाच १४० एकरांच्या घरात जातो. टर्मिनल लहान बांधून पुढे वाढवता येतं. धावपट्टीच्या टोकाशी वस्ती झाली की ती पुन्हा हलत नाही, म्हणून विस्ताराची जमीन विकास आराखड्यात आजच राखून ठेवा.

काळ्या मातीवर थेट डांबर नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोदून मुरूम भरा आणि कडेचे चर आधी करा.

प्रश्न : धावपट्टीच्या रेषेत, एक किलोमीटरवर माझा प्लॉट आहे. तीन मजले बांधता येतील? – एक वाचक, मिरज

उत्तर : टोकापासून ६० मीटर सोडून मोजणी सुरू होते. उपकरणांच्या साहाय्याने विमानं उतरणार असतील, तर तिथून दर ५० मीटरला उंचीची मर्यादा १ मीटरने वाढते. तुमचा प्लॉट तिथून ९४० मीटरवर, म्हणून मर्यादा सुमारे १९ मीटर. तीन मजले आणि वरची टाकी त्यात बसतात. मात्र ही उंची धावपट्टीच्या टोकापासून मोजतात, तुमच्या अंगणापासून नाही. प्लॉट १० मीटर चढावर असेल तर हाती सुमारे ९ मीटरच उरतात. उद्या धावपट्टी तुमच्या दिशेने ६०० मीटर वाढली तर मर्यादा सुमारे ७ मीटरवर येईल. तेव्हा पाया घालण्याआधी प्रस्तावित टोक नकाशावर पाहून घ्या. मोजणी तिथूनच करा.