मतपेटी आहे, मग अडतंय कुठे?

प्रश्न : आमची बहीण इस्तंबूल फिरून आली, म्हणते काय मस्त शहर! तिथे तुर्कस्तानात निवडणुका होतात, ८० टक्क्यांच्या वर मतदान होतं, आपल्या मुंबईत पन्नाशी गाठताना दम लागतो. मग लोकशाही धोक्यात असं का म्हणतात? आणि तिथल्या, वेगळी भाषा असलेल्या कुर्द लोकांचं काय? – एक वाचक, दादर

उत्तर : ताई, मतदान भरपूर होतं हो, प्रश्न त्यानंतरचा आहे. २०१९ ला इस्तंबूलच्या महापौरपदासाठी विरोधी पक्षाचे इमामोलू जेमतेम १३ हजार मतांनी जिंकले, निवडणूक रद्द केली, परत घेतली तर लोकांनी चिडून ८ लाखांनी निवडून दिलं, आणि मार्च २०२५ मध्ये तेच तुरुंगात. आपल्याकडे २०२२ ला मुदत संपली म्हणून पालिकेवर प्रशासक आला, तिकडे कुर्दी भागात निवडून आलेला महापौर काढून सरकारचा माणूस बसवतात, हा फरक लक्षात घ्या.

कुर्दांचं दुखणं जुनं. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोझान तहात अल्पसंख्याक म्हणजे फक्त बिगरमुस्लिम, कुर्द मुसलमान म्हणून मोजलेच नाहीत. कुर्दीतली क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं २०१३ पर्यंत सरकारी कागदावर चालायची नाहीत, म्हणजे पोराचं नावसुद्धा नीट लिहायची चोरी! २०१५ ला कुर्दांच्या बाजूचा एचडीपी पक्ष संसदेत यायला लागणारी १० टक्के मतांची अट ओलांडून संसदेत ८० जागा घेऊन आला, पुढच्याच वर्षी नेते देमिर्ताश आत.

मे २०२५ मध्ये पीकेके या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेनं शस्त्रं सोडायची घोषणा केली. चांगलंच झालं, पण एका हातानं कुर्दांशी बोलणी आणि दुसऱ्या हातानं विरोधक आत, हे मला तरी पटत नाही.