कायाकवरून स्कूबा आणि घाटाची चढण

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे दोघे प्रशिक्षित मित्र देवगडजवळच्या निर्जन किनाऱ्यावर कायाकवरून (वल्ह्याच्या छोट्या, अरुंद होडीवरून) स्कूबा डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी गगनबावडामार्गे परतणार आहोत. हे योग्य आहे का?

उत्तर : त्याच संध्याकाळी परतू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पाण्याखालच्या दाबाने शरीरात विरघळलेला नायट्रोजन, घाट चढताना हवेचा दाब घटल्यामुळे, रक्तात व सांध्यांत बुडबुडे निर्माण करू शकतो. कोल्हापूरच सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि घाटमाथा त्याहून उंच. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर १२ व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असा संकेत आहे; तोच येथे पाळून किनाऱ्यावर मुक्काम करावा. शिवाय नांगर सुटल्यास रिकामी कायाक वाहून जाते, म्हणून तिच्यावर तिसरा जाणकार सोबती हवाच. श्वासाच्या हवेचा सिलिंडर दोरीने बांधून पाण्यात सोडावा आणि पाण्यातच पाठीवर चढवावा.