एक्झॉस्ट हेडर गळतोय, वेल्डिंग करून भागेल की नवा सेटच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गॅस्केट (हेडर आणि इंजिनमधली फट बुजवणारी चकती) दोनदा बदललं, तरी थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक येतेच, आणि गॅरेजवाला आता नवा हेडर सेट, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड, घ्या म्हणतोय. वाचलं आणि आमचे साडूभाऊ डोळ्यांसमोर उभे राहिले.

माझी कॉर्व्हेट सी-५ ही अमेरिकन स्पोर्ट्‌स कार, २००२ सालची, मिशिगनमध्ये सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने कंपनीचे मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारे मूळ ओतीव भाग) काढून स्टेनलेसचे लांब नळ्यांचे हेडर टाकले होते. वर्षभरात डाव्या बाजूने टिकटिक सुरू झाली. गाडी तापली की आवाज बंद, कारण धातू फुगतो आणि फट मिटते. साडूभाऊ शनिवारी जेवायला आले होते. त्यांनी बॉनेटखाली डोकं घालून निकाल दिला, "गॅस्केट. दुसरं काही असूच शकत नाही." पुण्यात असताना स्वतःची बुलेट स्वतः खोलायचे, त्यामुळे सासुरवाडीत इंजिनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

गॅस्केट बदललं. दोन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. दुसरं बदललं, तर आता चेक इंजिनचा दिवाही लागला. कोड पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. साडूभाऊंनी ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावला. तो बिचारा खरं तेच सांगत होता! फटीतून धूर बाहेर फुसकतो, तशी दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जादा दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी ओतत राहतो. सेन्सरचे पैसे वाया.

तिसऱ्या खेपेला हुकूम आला, "इंजिन गरम असतानाच आवळ, म्हणजे घट्ट बसतं." मी आवळलं. त्या बाजूच्या सहा बोल्टांपैकी सगळ्यात मागचा कट्‌ करून तुटला, इंजिनच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) तोंडाशीच. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि गरम हेडच्या आट्यांवर जोर काढायचा नसतो. या इंजिनाला बोल्ट थंड असताना आधी १५ आणि मग २५ न्यूटन मीटर लावायचे, मधल्या दोन बोल्टांपासून बाहेरच्या दिशेने. बस, एवढंच. मी दोन्ही हातांनी पाना ओढत होतो.

तुटका तुकडा काढायला साडूभाऊ ईझी-आउट, म्हणजे तुकड्यात भोक पाडून उलटं फिरवायचं हत्यार, घेऊन आले. तेव्हा मात्र मी पहिल्यांदा नाही म्हटलं. ईझी-आउट आत तुटला तर साधं ड्रिल त्याला चाटतसुद्धा नाही, आणि मग हेड उतरवायची वेळ येते. एका वेल्डरला घरी बोलावलं. त्याने बॅटरी सोडवली, तुकड्यावर वॉशर, त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरलं. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला काही होत नाही. नट लाल होऊन काळा पडेपर्यंत तो थांबला, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे असं करत करत बोल्ट अख्खा बाहेर.

जाताना त्यानेच विचारलं, "गळती नेमकी कुठे आहे ते पाहिलंय का?" पाहिलं नव्हतं! चार महिन्यांत एकदाही नाही. जुनं गॅस्केट परत आवळून वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सायलेन्सरमधून सोडली, सायलेन्सरच्या उरलेल्या तोंडांत चिंध्या कोंबल्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. गॅस्केटजवळ एक बुडबुडा नाही. सात नंबरची नळी जिथे फ्लँजला, म्हणजे हेडला बोल्टने बसणाऱ्या पट्टीला, जोडलीय, तिथे खालच्या अंगाला फेस यायला लागला. केसाएवढी चीर, भोवती काजळी. वरून बघणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती.

त्याच वेल्डरने फ्लँज जाड पट्टीला बोल्टने आवळली, म्हणजे तापून वाकणार नाही. जुना वेल्ड घासून काढला, नळीची तोंडं बंद करून आत आरगॉन वायू भरला आणि मग टिग वेल्डिंग केलं. आरगॉन नसेल तर स्टेनलेस आतल्या बाजूने करपलेल्या साखरेसारखं खरखरीत होतं आणि तिथूनच पुन्हा तडकतं. चीर का गेली तेही त्यानेच दाखवलं. मागच्या सायलेन्सरच्या हँगरचं रबर तुटलेलं होतं, सगळा भार हेडरच्या मानेवर लोंबकळत होता.

तर तुमचं उत्तर. एकच चीर असेल आणि नळीचा पत्रा जाड असेल तर वेल्ड करा. पत्रा गंजून पापडी झाला असेल किंवा तीन-चार ठिकाणी चिरा असतील तर नवा सेट घ्या. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा. वाकली असेल तर तुमचं तिसरं गॅस्केटही जाणार. आणि हेडरला कापडी पट्टी गुंडाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ओल धरून राहते.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळती पुढच्या भागात असेल तर बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलांना गाडीत बसवू नका. शिवाय माझा सगळा अनुभव एकाच गाडीचा आहे. तुम्ही गाडी कोणती ते लिहिलेलं नाही, टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे तुमच्या मॅन्युअलमधले घ्या.

वेल्डिंगला आता चार वर्षं झाली, आवाज नाही. गेल्या गणपतीत साडूभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "तिसरं गॅस्केट बसलं ते बसलंच बघा." तुटलेला बोल्ट नटासकट माझ्याकडे डबीत आहे. फोटो हवा असेल तर सांगा, टाकतो.