पोट बिघडलं की आधी घड्याळ बघा

प्रश्न : शनिवारी रात्री नऊला आम्ही सगळे बाहेर जेवलो आणि अकरा वाजता मला एकदम भडभडून उलटी झाली, मग पहाटेपर्यंत उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, अंगदुखी, थोडी कणकण पण होती. बाकी कुणाला काही नाही. (धाकटीचं पोट गुरुवारी बिघडलं होतं, पण ती शनिवारी आमच्याबरोबर नव्हतीच.) नवरा म्हणतो अ‍ॅसिडिटी, मी म्हणते फूड पॉयझनिंग. नक्की काय समजायचं?

उत्तर : अ‍ॅसिडिटी नाही हो ही. अ‍ॅसिडिटीत छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, क्वचित उलटी पण होते, पण त्यात पाण्यासारखे जुलाब आणि कणकण येत नाही. म्हणजे नवरोबा चुकले. पण शनिवारच्या जेवणाला दोष द्यायची घाई तुम्हीही करू नका, कारण पोट बिघडलं की आपण सगळे शेवटी खाल्लेल्या गोष्टीवर खापर फोडतो, आणि बरेचदा ती बिचारी निर्दोष असते.

घड्याळ बघा. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेलं विष असू शकतं, स्टॅफिलोकॉकससारखे जंतू ते तयार करतात, त्यात ताप सहसा नसतो आणि एका दिवसात माणूस सावरतो. साल्मोनेलाचं तसं नाही, तो ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो, ताप आणि जुलाब जास्त. कॅम्पायलोबॅक्टर तर साधारण २ ते ५ दिवस घेतो, तोवर आपण काय खाल्लं होतं ते विसरूनही गेलेलो असतो.

आता तुमची गंमत सांगते, तुम्ही कंसात जे लिहिलंय ना, मला खरं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांत त्रास देतो, अचानक उलट्या, जुलाब, अंगदुखी, थोडा ताप, आणि तो अन्नातून पसरतो तसा घरातल्या घरातही पसरतो. गुरुवारी धाकटीची उलटी कुणी पुसली, चादर कुणी बदलली? तुम्हीच ना? मग हिशोब जुळतो. तपासणीशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही, आणि दोन तासांत सुरू झालं म्हणजे जेवणावरचा संशय अगदीच पुसला जात नाही, पण माझा कौल व्हायरसला. म्हणून अजून दोन-तीन दिवस साबणाने नीट हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, हा व्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, आणि बरं वाटल्यावरही दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नका.

कारण काहीही निघो, घरी लक्ष ठेवायचं ते लघवीवर. ती कमी होतेय, गडद पिवळी होतेय, तोंड कोरडं पडतंय, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येतेय, म्हणजे शरीरातलं पाणी कमी पडतंय. बाळाचा लंगोट सहा तास कोरडा राहिला, रडताना डोळ्यात पाणी येत नसेल किंवा टाळू खोल गेली असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. जुलाबात रक्त, ताप १०२ च्या वर, तीन दिवसांनंतरही जुलाब चालूच, घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, यातलं काहीही असेल तरी तेच. आणि एक फार कमी दिसणारी पण जिवावर बेतणारी गोष्ट, एकाची दोन दिसायला लागली, पापण्या जड होऊन खाली यायला लागल्या, बोलणं अडखळलं तर ते बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने नसांवर होणारा परिणाम, असू शकतं, तेव्हा पोट दुखतंय का नाही हे बघत न बसता थेट हॉस्पिटल. गरोदर बाईने मात्र यातलं काही नसेल, नुसता ताप आणि अंगदुखी असेल तरी डॉक्टरांना दाखवावं, लिस्टेरिया नावाचा अन्नातला जंतू पोटातल्या बाळाला धोका करतो.

प्रश्न : जुलाब बंद व्हायची गोळी लगेच घेतली तर चालते का?

उत्तर : रक्त पडत असेल किंवा जास्त ताप असेल तर नको, आणि लहान मुलांना तर आपल्या मनाने अजिबात नको. आधी ओआरएस. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, मीठ अंदाजाने टाकू नका. लोक काय करतात, ग्लासभर घटाघटा पितात, ते सगळं बाहेर येतं आणि मग म्हणतात काही टिकतच नाही! उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग एक चमचा, दोन मिनिटांनी अजून एक चमचा. कंटाळवाणं आहे, पण टिकतं. उरलेली अँटिबायोटिकची गोळी शोधू नका, व्हायरसवर तिचा शून्य उपयोग.

प्रश्न : उरलेला भात मी उकळी येईपर्यंत गरम केला होता, वासही येत नव्हता, तरी उलट्या झाल्या. असं कसं?

उत्तर : होतं असं. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि उलटीचं विष सोडतात, ते विष परत गरम करून जात नाही आणि त्याला वासही नसतो. पातेलं झाकून ओट्यावर ठेवू नका, भात ताटात पसरा, लवकर गार होतो, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.