ऑप्शन फॉर्म भरताना

अरे, इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, सीईटीच्या ९१ पर्सेंटाइलवर नुसतं पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि सांगलीचं वालचंद भरून बसू नकोस. टाक बिनधास्त, वरच टाक, त्यानं खालच्या जागा हातच्या जात नाहीत. पण खाली कोल्हापूरचं केआयटी, सांगली जिल्ह्यातलं आरआयटी, इचलकरंजीचं डीकेटीई असं भरपूर भर, ब्रँचही दोन-तीन ठेव. इचलकरंजी एसटीनं रोज जाऊन-येऊन होतंय, होस्टेलचा खर्च वाचतो.

गेल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ नीट वाच. एल अक्षरानं सुरू होणारा कोड मुलींच्या जागांचा, तो आकडा बघून उगाच खूश व्हायचं नाही. आपल्या कॅटेगरीचाच कॉलम बघ, तोही प्रवेशाच्या सगळ्या राउंडचा.

आणि हे महत्त्वाचं: 'आधी सेफ' म्हणून घराजवळचं कॉलेज एक नंबरला टाकू नकोस. २०२५ च्या नियमांत पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला की तोच घ्यावा लागत होता. दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी. तुझ्या वर्षीचं माहितीपत्रक प्रवेश घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या साइटवरून उतरवून घे. क्लासवाल्यांच्या तयार याद्या मात्र राहू देत, त्या सगळ्या पोरांना एकच देतात.

यादी झाली की पाठव, रात्री बघतो.