खड्ड्यात चाक आपटलं, आता काय करायचं?
खड्ड्यात जोरात दणका बसला की ‘चालतेय ना’ म्हणून गाडी तशीच पुढे दामटू नकोस. सुरक्षित जागा बघून थांब आणि आधी टायरची बाजू नीट बघ. तिथे फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत असं समज. हवा बरोबर असली तरी असा टायर कधीही फुटू शकतो. त्याला पंक्चर काढून भागत नाही, बदलावाच लागतो. मी एकदा तसाच दोन दिवस चालवला होता, आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

गाडीखाली तेल ठिबकत असेल तर इंजिन बंद कर आणि टोइंगवाल्याला बोलाव. नंतर गाडी एका बाजूला ओढायला लागली तर अलाइनमेंट (चाकं सरळ दिशेत आहेत का), वेगात स्टिअरिंग थरथरलं तर रिम (टायर बसतो ते धातूचं चाक) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का) तपासून घे. खड्ड्याचे नि टायरचे फोटो मात्र तिथेच काढ, विम्याचा दावा करायचा झाला तर उपयोगी पडतात.

आणि खड्डा चुकवणं शक्य नसेल तर ब्रेक आधी मार, चाक आत उतरताना सोडून दे. ब्रेक दाबलेला असला की पुढचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंगची यंत्रणा, आधीच दबलेलं असतं, मग धक्का झेलायला जागाच उरत नाही.